समाचाराला जाण्याची रीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टी, कर्ज आणि पडलेले भाव यांच्या बातम्या आपण वर्षभर छापता. त्यांतल्या काही बातम्यांच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : ‘त्यांच्या पश्चात आई, पत्नी व दोन मुले असा परिवार आहे.’ हे पत्र त्या वाक्यातल्या माणसांविषयी आहे. अशा घरी जाणारे जे आहेत, त्यांत मराठी ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे गावोगावच्या चर्चचे समुदायही आहेत. जाऊन नेमके काय करायचे, कुठे चुकते आणि का चुकते, हे त्यांच्यासाठी आणि कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्यांसाठी लिहीत आहोत.

मराठी पवित्र शास्त्रात यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात. याकोबाच्या पत्रात अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे याला शुद्ध धर्माचरण म्हटले आहे. आज बोलण्यात ‘समाचार घेतला’ म्हटले की कोणाला तरी झापले असे ऐकू येते. दुःखाच्या घरी होणाऱ्या कित्येक भेटींत हा दुसरा अर्थच खरा ठरतो. घरच्या बाईला विचारले जाते, ‘तुझ्या काहीच लक्षात आलं नाही का?’ हा प्रश्न तिने स्वतःला रात्रभर विचारलेला असतो. तो पाहुण्याच्या तोंडून आला की आरोप होतो.

आपल्या लोकांत माया कमी नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. चाळिसाव्या दिवशी मात्र दारात कोणी नसते, आणि खरी गरज त्या सुमारास सुरू होते. तोवर दुःखाचा बधिरपणा उतरलेला असतो, नातेवाईक आपापल्या गावी गेलेले असतात आणि पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची नोटीस आलेली असते. कमी पडते ती पुन्हा येण्याची शिस्त.

पहिल्या भेटीला दोघांनी जावे आणि त्यात एक बाई असावी. पाच-सहा जणांचा घोळका नको; घरच्यांना पाहुण्यांच्या चहापाण्याचीच चिंता पडते. चपला बाहेर, फोन बंद, घरचे जिथे बसले असतील तिथेच जमिनीवर बसायचे. अर्धा तास पुरतो. मृत्यूच्या घरी आपल्याकडे चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. ती रीत ख्रिस्ती घरांतही आहे आणि ती फार शहाणी आहे. तिला जोड म्हणून चहापत्ती, साखर, दूध आणि प्यायच्या पाण्याचा जार न्यावा. आत गेल्यावर एकाने हळूच बघावे की कोण जेवले आणि कोण जेवले नाही. बहुधा मृताची आई आणि थोरला मुलगा जेवलेले नसतात, कारण सगळ्यांचे लक्ष विधवेकडे असते. म्हातारी रोजच्या कोणत्या गोळ्या घेते, त्या चुकल्यात का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. शोकाच्या गर्दीत रक्तदाबाची आणि साखरेची औषधे हमखास राहून जातात.

मग बोलायचे काय? पवित्र शास्त्रात मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. सबंध पुस्तकात त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच. तोंड उघडल्यावर ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाचा कोप ओढवून बसले. म्हणून काही वाक्ये दारातच ठेवून यावीत : ‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’, ‘रडू नको, लेकरांकडे बघ’, ‘प्रार्थनेत कमी पडलात’. यांतले प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करते, ऐकणाऱ्याचे दुःख नाही. ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त देत नाही’ असे वचन म्हणून सांगितले जाते. पौलाने करिंथकरांना लिहिलेले ते वाक्य मोहाच्या परीक्षेविषयी आहे, नवरा गेलेल्या बाईच्या सहनशक्तीविषयी नाही. रोमकरांस पत्रातले ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन खरे आहे, पण ते दुःखितानेच एक दिवस म्हणायचे असते. दुसऱ्याने ते पहिल्या आठवड्यात त्याच्या गळ्यात मारू नये.

त्याऐवजी मृताचे नाव घ्यावे. लोक नाव टाळतात. घरच्यांना ते ऐकायचे असते. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये. दुःखातले माणूस सांगत नाही. सांगायला काय लागते हेच त्याला सुचत नसते. ‘उद्या चार वाजता येते, जनावरांचं वैरणपाणी आमचा मुलगा बघेल,’ असे ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या कामाचे बोलावे, आणि चार म्हणजे चार.

प्रार्थना करावी का? करावी, पण विचारून. ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ या प्रश्नाला नकार आला तर तो मनापासून स्वीकारावा. होकार आला तर दोन मिनिटे पुरेत. पाळकसाहेबांनी, फादरांनी आणि आम्हा सर्वांनीच एक सवय सोडायला हवी : डोळे मिटून देवाशी बोलण्याच्या निमित्ताने खोलीतल्या माणसांना उपदेश करणे. ‘प्रभू, व्यसनात पडलेल्या आमच्या तरुणांना शुद्धीवर आण’ ही प्रार्थना दारूपायी गेलेल्या मुलाच्या आईला थप्पड वाटते, आणि तिला उत्तरही देता येत नाही. वाचायचे असेल तर स्तोत्रे वाचावीत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही येत नाही. ते शास्त्रात आहे याचा अर्थ असा की देवापुढे इतके उघडे बोलायला परवानगी आहे. पुष्कळ विश्वासू माणसांना हे कोणी सांगितलेलेच नसते. आपण रडलो तर आपली साक्ष, म्हणजे लोकांना दिसणारा आपला विश्वास, बिघडेल असे त्यांना वाटत राहते. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तेही त्याला मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असताना.

आता अवघड भाग. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर काय?

मराठीत त्या शब्दातच ‘हत्या’ आहे. घरात बोलताना ‘ते गेले’ एवढे पुरते. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होते. या वेळी घरच्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात जाणारे, लिहिता-वाचता येणारे माणूस हवे. तिने जबाब वाचून, निदान ऐकून, मगच अंगठा किंवा सही द्यावी. घाईत लिहिलेले ‘घरगुती वादातून’ हे दोन शब्द पुढे मदतीचा अर्ज अडवतात.

दफनाच्या वेळी मंडळीत कुजबुज सुरू होते : कबरस्तानात जागा द्यायची का, घंटा वाजवायची का, पत्रिकेत ‘ख्रिस्तवासी’ (ख्रिस्ताजवळ गेलेला) लिहायचे का? कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेने अंत्यविधी नाकारायच्या व्यक्तींच्या यादीतून आत्महत्या काढून टाकली. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की तीव्र मानसिक यातना, भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अडचण येते ती बहुतेक वेळा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या जुन्या समजुतीमुळे. देशाचा कायदाही बदलला आहे. 29 मे 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम 309 उरलेले नाही. लोकसेवकाला अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा. सरकारने शिक्षेची भाषा सोडल्यावर मंडळीने ती धरून ठेवू नये. घंटा वाजवा, ‘ख्रिस्तवासी’ लिहा, कबर रांगेतच खणा. कोपऱ्यात खणलेली कबर त्या घरातली मुले मोठी होईपर्यंत बघत असतात.

मुलांना खरे सांगावे. ‘पप्पा गावाला गेले’ असे सांगितलेले मूल दारात बसून राहते आणि कोणी गावाला जायला निघाले की घाबरते. सहा-सात वर्षांच्या मुलाला साधी वाक्ये लागतात : पप्पांचं शरीर काम करायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, यात तुझा काही दोष नाही. शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आपण हट्ट केला, मार्क कमी पडले म्हणून हे झाले, असे मुलांना वाटते आणि ती ते कोणाला सांगत नाहीत. कबरेत त्यांना थंडी वाजेल का, असे मूल विचारते. तेव्हा हसू नये, दटावू नये. ‘नाही, त्यांना आता थंडी वाजत नाही’ हे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे.

जिवंत माणसाच्या मनात तो विचार आहे असे वाटले तर? झोप पूर्ण उडालेली, हिशेब मिटवणे, वस्तू वाटून टाकणे, ‘आता तुम्हाला त्रास देणार नाही’ असे बोलणे, आणि फार दिवसांच्या तगमगीनंतर एकदम आलेली शांतता, ही लक्षणे ओळखीची करून घ्यावीत. मग सरळ विचारावे : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट, बोलायला वाट मिळते. ‘तसलं काही मनात आणू नको’ हा प्रश्न नव्हे; त्याला कोणीही ‘नाही, नाही’ म्हणतो आणि दार बंद होते. उत्तर ‘हो’ आले तर घाबरून वचने म्हणू नयेत. त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून आणि शेतातल्या खोलीतून काढून भावकीत किंवा शेजारी कुलपात ठेवावीत. टोकाची ऊर्मी बहुधा थोड्या वेळाची असते. हाताशी साधन नसले तर तेवढा वेळ टळतो आणि माणूस वाचतो. 14416 हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केला, तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. शेजारी बसून आपण लावून द्यावा. जीव तात्काळ धोक्यात असेल तर 112. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बरोबर जावे. नुसता पत्ता देऊन चालत नाही. केसपेपरच्या रांगेतूनच माणसे परत फिरतात.

‘कोणाला सांगू नका’ अशी शपथ घालायचा प्रयत्न होईल. ती घेऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मी एका माणसाला सांगणार, आणि कोणाला ते तुला विचारून ठरवू,’ असे आधीच बोलावे. फादरांकडे केलेल्या पापकबुलीच्या संस्काराची गोष्ट वेगळी. तिथले तिथेच राहते.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट इथे नीट वाचण्यासारखी आहे. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून तो ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवदूताने त्याला रागे भरले नाही की विश्वासावर प्रवचन दिले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिले, कारण वाट लांबची होती. देवाने त्याला प्रश्न विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी होरेबात. अन्न, झोप, पुन्हा अन्न, मग बोलणे, हा क्रम आजचा कोणताही मानसोपचारतज्ज्ञ मान्य करील.

इथेच गोळ्यांचा विषय येतो आणि तो टाळता येणार नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, झोप बिघडणे, तोंड कोरडे पडणे असे त्रास होतात. नेमक्या याच काळात प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या एखाद्या आरोग्य-सभेत ‘विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या’ असे सांगितले जाते. माणूस गोळ्या सोडतो, सभेच्या उत्साहात चार दिवस बरे वाटते आणि मग तो पहिल्यापेक्षा खोल जातो. शिवाय आता त्याच्या डोक्यावर ‘माझा विश्वास कमी पडला’ हा नवा बोजा असतो. आमच्या मते हे पाप आहे, आणि ते व्यासपीठावरून तसे म्हटले गेले पाहिजे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांच्या पिढ्यान् पिढ्या मिशन हॉस्पिटलांत जन्मल्या, नर्सिंग शिकल्या, तिथेच नोकऱ्या करून निवृत्त झाल्या. ज्या समाजाने इंजेक्शनाची सुई आणि प्रार्थना एकाच हातात धरली, त्याला औषध म्हणजे अविश्वास असे कोणी शिकवू नये. गोळ्या डॉक्टरला विचारूनच कमी होतात, हे घरातल्या एकाला तरी पाठ असावे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला ‘गोळ्या चालू आहेत ना, किती उरल्या?’ असे विचारणे ही सेवा आहे.

आणखी एक दुखणे आपल्यातच आहे : प्रार्थनेचे विषय. ‘अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं झालंय,’ म्हणत बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन गटांत जाते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरी पोहोचते. हेतू चांगला असतो, पण बाई त्यानंतर उपासनेला येणे बंद करते. नियम सोपा ठेवावा. गटात फक्त नाव, तेही तिला विचारून. कारण, आजार, रक्कम, मृत्यूचा प्रकार, फोटो यांतले काहीही नाही. रविवारच्या निवेदनालाही हाच नियम.

आता कागद. पुष्कळ भाविकांना हे आत्मिक काम वाटत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते म्हणून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांच्या सांगण्यावरून शिष्यांनी पवित्र आत्म्याने भरलेली सात माणसे निवडली, ती याच कामासाठी. वाटणीचा हिशेब नीट राहावा म्हणून.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. उशीर झाला की शुल्क, परवानगी, प्रतिज्ञापत्र असे फेरे वाढतात. दाखल्याच्या निदान सहा-सात प्रती घ्याव्यात. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा. विधवेचे नाव लागले की नाही हे फेरफार मंजूर झाल्यावर उतारा काढून डोळ्यांनी बघावे. दिराने ‘लावलंय’ म्हटले म्हणून थांबू नये. मग मृताचे सगळे पासबुक काढावे आणि मे-जूनच्या नोंदी बघाव्यात. 436 रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा आहे : दोन लाख रुपये, आणि पहिले 30 दिवस सोडले तर मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असो. 20 रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, फक्त अपघातासाठी. आत्महत्येला तो लागू नाही. हा 436 चा आकडा कोणी न बघितल्याने दोन लाख रुपये तसेच बुडू शकतात, कारण बँक स्वतःहून सांगायला येत नाही.

शेतकरी आत्महत्येत सरकारी मदत 1 लाख रुपये असते : 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा दोन कारणांनी. जमीन वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते तेव्हा नाते दाखवणारे कागद जोडलेले नसतात. किंवा कर्ज विनापरवाना सावकाराचे असते आणि त्याचा पुरावा नसतो. बँकेची किंवा सोसायटीची थकबाकी असेल तर तिचा दाखला पहिल्या पंधरवड्यातच मागावा. सावकार कोरा स्टॅम्प घेऊन आला तर सही करू नये. पहिल्या तीन महिन्यांत कर्जाचे ‘नवे-जुने’ही, म्हणजे नवे कर्ज काढून जुने फेडणे, करू नये, कारण त्यात विधवा स्वतः कर्जदार होऊन बसते. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. बेकायदा सावकारीची तक्रार 2014 च्या कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल आणि कर्ता माणूस 18 ते 59 वयाचा असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच 20 हजार मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1,500 रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. मुलांसाठी बालसंगोपन योजना, दर मुलामागे महिन्याला 2,250. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. शेवटची योजना सर्वांत कमी ठाऊक आहे आणि मुलांची शाळा तीच टिकवते.

आता धान्य. पाच माणसांच्या घराला महिन्याला ज्वारी-गहू मिळून सुमारे 40 किलो, तांदूळ 8, डाळी 5, तेल 4 लिटर, मीठ, तिखट, चहा, साखर, साबण असे धरून चालावे. एकदा मोठे किट देऊन फोटो काढण्यापेक्षा हेच निम्मे सहा महिने द्यावे, आणि तेवढ्यात अंत्योदय शिधापत्रिकेचा पाठपुरावा करावा. आधार नसलेल्या विधवेचे कुटुंब त्यात बसते आणि महिन्याला 35 किलो धान्य कायमचे सुरू होते. पैसे द्यायचे तर तिच्याच खात्यात द्यावेत, दीर किंवा सासऱ्याच्या हाती नाहीत. मंडळीच्या वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. देताना फोटो नको, कधीच नको.

मदतीचा आणि धर्माचा प्रश्न मोकळेपणाने बोलला पाहिजे. ख्रिस्ती माणूस परधर्मीय घरी धान्य घेऊन गेला की गावात शंका निघते. हे आजचे नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावरून 1893 मध्ये पुण्यात याच प्रश्नावर वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरीही 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना गोळा करून आणणाऱ्या रमाबाईच होत्या. केडगावच्या माळावर त्यांनी मुक्ती सदन वसवले, त्यात छापखाना, विणकाम, शेती असे पोटापाण्याचे शिक्षण दिले, अंध मुलींना वाचायला शिकवले. त्यांची दुष्काळातली मदत मुलगी स्वतः कमावती होईपर्यंत चालली. ती चिकाटी आपण घ्यावी, आणि त्या वादातून धडाही घ्यावा. शोकाच्या घरी पत्रके नेऊ नयेत, रविवारी येण्याची अट किंवा आडून सूचनाही नको. कोणी विचारले ‘तुम्ही का येता?’ तर ‘आमचा प्रभू आम्हाला समाचाराला जा म्हणतो’ हे खरे उत्तर द्यावे आणि तिथे थांबावे. हिंदू, बौद्ध, मुसलमान घरी त्यांच्या विधींच्या वेळा विचारून, त्या सोडून जावे.

भेटींचे वेळापत्रक एका साध्या वहीत ठेवावे : नाव, मृत्यूची तारीख, पुढच्या भेटीची तारीख, कोण जाणार. बाकी खाजगी काही लिहू नये. पहिला दिवस, तिसरा, दहावा, मग महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. यांशिवाय जड तारखा असतात : शाळा उघडण्याचा आठवडा, मृताचा वाढदिवस, पहिला नाताळ. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी त्या घरावर तारा लावायला कोणी तरी जावे, आणि ‘यंदा नको’ म्हणाले तर नुसता चहा पिऊन यावे. एका जोडीकडे तीनपेक्षा जास्त घरे नकोत. चौथे घर घेतले की पहिल्या तिघांच्या तारखा चुकू लागतात, आणि न पाळलेला शब्द दुःखातल्या माणसाला न दिलेल्या शब्दापेक्षा जास्त लागतो. जाणाऱ्यांनीही महिन्यातून एकदा एकत्र बसावे. ज्याला झोप येईनाशी झाली, ज्याचा आवाज घरात चढू लागला, त्याला दोन महिने सुट्टी द्यावी, आणि ती कमीपणाची मानू नये.

संपादक महोदय, आपल्याकडे आमच्या दोन मागण्या आहेत. प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे 2019 मध्ये स्वीकारली आहेत. बातमीत मृत्यूची पद्धत, जागा आणि चिठ्ठीचा मजकूर देऊ नये, मथळ्यात एकच कारण ठोकून देऊ नये, ही पथ्ये जिल्हा पानांवरच्या छोट्या बातम्यांतही पाळली जावीत. गावात वाचली जाते ती तीच बातमी. आणि अशा प्रत्येक बातमीखाली 14416 हा क्रमांक ठळक चौकटीत छापावा.

मंडळ्यांच्या पाळकांना, फादरांना आणि महिला मंडळांना विनंती अशी की मृग लागायच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या पहिल्या चार-पाच दिवसांत, गेल्या वर्षभरात कर्ता माणूस गेलेल्या प्रत्येक घरी जाण्याची तारीख वहीत आजच लिहून ठेवावी. त्या घरी पेरणीचा पहिला निर्णय एकट्या बाईला करायचा असतो : बियाणे कोणते, किती पिशव्या, तिफण कोणाची, शेत बटईने द्यायचे का. जाताना शेतीतले जाणते एक माणूस बरोबर न्यावे.

आपले नम्र,
शोकग्रस्त कुटुंबांच्या भेटीचे काम करणारे काही मंडळी-सभासद,
अहिल्यानगर व जालना जिल्हे